पहिला कोण हे सगळ्यांना माहीत असतं, दुसरा कोण होता?

मागच्या महिन्यात माझी भाची दोन दिवस राहायला आली होती. नोकरी करते, घरी आली तरी मोबाईल हातातून सुटत नाही. मार्च २०२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षं पूर्ण होतात, त्यावरून तिच्या कॉलेजच्या ग्रुपवर कुणीतरी काहीतरी टाकलं होतं आणि त्याखाली वाद पेटला होता. एक पार्टी म्हणत होती की आता तशी माणसंच राहिली नाहीत म्हणून काही बदलत नाही, दुसरी म्हणत होती की माणसांची वाट बघायचे दिवस गेले, आता सिस्टीम आहे. मी चहा गाळत होते, ती ओट्याला टेकून उभी होती, एकदम म्हणाली, "आत्या, खरं सांग, आज समाज बदलायला हिरो लागतो का गं? कायदा आहे, कोर्ट आहे, माहितीचा अधिकार आहे, हातात कॅमेरा आहे. मग कुणीतरी छाती पुढे काढून उभं राहायची गरज काय?"

मी तेव्हा "लागतो की, का नाही लागणार" असं काहीतरी बोलून मोकळी झाले. पण ते उत्तर माझं मलाच पुरलं नाही. गेले काही आठवडे डोक्यात तेच चालू आहे, थोडं वाचलं, थोडं जुनं आठवलं, आणि आता जेवढं समजलंय तेवढं सोप्या भाषेत लिहून काढते.

आधी हिरो कुणाला म्हणायचं ते ठरवू

सिनेमातला हिरो बाजूला ठेवू, क्रिकेटमधला पण. इथे हिरो म्हणजे असा माणूस जो स्वतःपुरतं नाही, इतरांसाठी काहीतरी करतो, आणि ते करताना आपल्याला काय भोगावं लागणार आहे हे त्याला आधीच माहीत असतं. वर त्याच्यावर कुणी सक्ती केलेली नसते, तो घरी गप्प बसला असता तरी त्याला कुणी नावं ठेवली नसती. हा शेवटचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्यातले बहुतेक जण गप्प बसतात ते वाईट असतात म्हणून नाही, गप्प बसायला काही लागत नाही म्हणून बसतात.

आणि भोगावं लागणं म्हणजे दर वेळी गोळी किंवा तुरुंगच असतो असंही नाही. नोकरी जाते, गाव वाळीत टाकतं, मुलीचं स्थळ मोडतं, कोर्टाच्या तारखांना दहा वर्षं चपला झिजतात, भावकीत बोलणं बंद होतं. यालाच मी पुढे किंमत म्हणणार आहे.

वरातीत पहिलं कोण नाचतं

कुठलीही वरात आठवा. बँडवाले अर्धा तास जीव तोडून वाजवतायत, पोरं कडेला खिशात हात घालून उभी, मावश्या पदर सावरत एकमेकींना ढकलतायत, "तू जा, तू जा". सगळ्यांच्या पायात ताल आहे, नाचायचं सगळ्यांना आहे, पण पहिलं कोणी व्हायचं? मग नवऱ्यामुलाचा कोणीतरी मित्र एकटाच मध्ये येऊन नाचायला लागतो, लोक हसतात, तो एकटा थोडा वेडाच दिसतो. मग दुसरा येतो, तिसरा येतो, आणि पाच मिनिटांत आजोबासुद्धा मध्ये असतात.

मार्क ग्रानोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७८ मध्ये हाच प्रकार आकड्यांत मांडला. त्याचं म्हणणं असं, की प्रत्येक माणसाचा एक उंबरठा असतो. उंबरठा म्हणजे, माझ्याआधी किती जण उतरलेले दिसले की मी उतरेन तो आकडा. एखाद्याचा उंबरठा शून्य, तो कुणाचीच वाट बघत नाही. एखाद्याचा एक, त्याला समोर एक जण दिसला की पुरे. एखाद्याचा पन्नास. आता समजा शंभर माणसं आहेत आणि त्यांचे उंबरठे ओळीने शून्य, एक, दोन, तीन असे नव्व्याण्णवपर्यंत आहेत. शून्यवाला उतरला की एकवाला उतरतो, दोघे बघून दोनवाला, आणि असं करत करत शंभरच्या शंभर उतरतात.

आता यात एकच बदल करा. ज्याचा उंबरठा एक आहे तो माणूस काढा आणि त्याच्या जागी दोन उंबरठ्याचा आणखी एक माणूस ठेवा. बाकी नव्व्याण्णव जण तेच. काय होतं? शून्यवाला उतरतो आणि एकटाच राहतो. दोनवाले दोघं जण आणखी एक जण यायची वाट बघत उभे, तीनवाला त्यांची वाट बघत उभा, सगळी गर्दी जागच्या जागी. बाहेरून बघणारा म्हणेल, पहिल्या गावातले लोक क्रांतिकारी आणि दुसऱ्या गावातले भेकड. प्रत्यक्षात दोन्ही गावांत फरक फक्त एका माणसाचा आहे, आणि तो माणूस पहिला नाही, दुसरा आहे.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसून राहिले. कारण आपण पुतळे पहिल्याचे बांधतो, जयंती पहिल्याची करतो, आणि दुसऱ्याचं नावही आपल्याला माहीत नसतं.

महाडला हक्क कागदावर आधीच होता

आता ज्या गोष्टीवरून वाद पेटला होता तिकडेच जाऊ. शाळेत आपण शिकलो की बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी पिऊन हक्क मिळवला. पण जरा तारखा बघा. रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर झाला, सरकारी पैशाच्या सार्वजनिक पाणवठ्यांवर, शाळांत, दवाखान्यांत अस्पृश्यांना मज्जाव करायचा नाही असा. त्यानंतर १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही आपलं तळं सगळ्यांना खुलं असल्याचा ठराव केला. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरबा टिपणीस स्वतः या बाजूचे होते.

म्हणजे कायदेशीर हक्क होता. तीन वर्षं होता. आणि त्या तीन वर्षांत महाडच्या अस्पृश्यांना त्या तळ्यावर पाणी पिता आलं नाही, कारण पिणाऱ्याला गावात परत राहायचं होतं, दुसऱ्या दिवशी त्याच सावकाराच्या दारात जायचं होतं, त्याच शेतावर मजुरीला जायचं होतं. कागदावर हक्क फुकट होता पण प्रत्यक्षात त्याची किंमत एकेकट्या माणसाला झेपणारी नव्हती.

आणि एक तपशील मला विसरता येत नाही. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला परिषद भरली तेव्हा जमलेल्या लोकांना प्यायला पाणी हवं म्हणून आयोजकांनी चाळीस रुपयांचं पाणी स्पृश्यांकडून विकत घेतलं होतं. गावात तळं भरलेलं, ठराव झालेला, आणि मंडपात पिण्याचं पाणी विकतचं. १९२७ चे चाळीस रुपये, तेही गावोगाव फिरून पायली पायली धान्य आणि आणे-रुपये गोळा करून आणलेल्या लोकांचे.

दुसऱ्या दिवशी समारोपाच्या वेळी अनंतराव चित्रे यांनी, इथवर आलोच आहोत तर तळ्यावर जाऊ, असा विषय काढला आणि सगळे निघाले. रांगेने, शिस्तीत, उन्हातून. बाबासाहेब तेव्हा पस्तीस वर्षांचे होते. त्यांनी ओंजळ भरली, पाणी प्यायले. मग मागचे प्यायले. एकदा सगळे मिळून प्यायल्यावर किंमत एकाच्या डोक्यावर राहिली नाही, ती वाटली गेली, इतकी साधी आणि इतकी अवघड गोष्ट तिथे घडली.

किंमत मात्र वसूल झालीच. आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी अफवा उठली आणि जमावाने मंडपात, रस्त्यात, दिसेल त्याला मारलं. काहींना गावातल्या मुसलमान घरांनी आसरा दिला. जमलेल्यांत पलटणीत नोकरी केलेले माजी सैनिकही होते, त्यांनी मनात आणलं असतं तर त्या संध्याकाळचं चित्र वेगळं झालं असतं, पण बाबासाहेबांनी उलटा हात उगारायचा नाही म्हणून सांगितलं आणि लोकांनी ते पाळलं. मार खाऊन, संख्येने भारी असून, हात खाली ठेवणं. मला विचाराल तर ओंजळीपेक्षा हे जास्त शौर्याचं होतं, आणि हे करणाऱ्यांतल्या एकाचंही नाव मला सांगता येणार नाही.

पुढे गावातल्या सवर्ण मंडळींनी पंचगव्याचे घडे ओतून तळं "शुद्ध" करून घेतलं. नगरपालिकेने ऑगस्टमध्ये आपला ठरावच मागे घेतला. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला तर कोर्टाकडून मनाई आणली, मंडपाला कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या गृहस्थांनी आपली जमीन दिली. मनाई मानून लोक तळ्याला नुसती फेरी मारून परत आले. आणि मग खटला. मुंबई हायकोर्टाचा निकाल आला १७ मार्च १९३७ ला. ओंजळीपासून निकालापर्यंत दहा वर्षं.

आता यात हिरो कुठे आहे? बाबासाहेब आहेत, अर्थात आहेत, त्यांच्याशिवाय हे घडलं नसतं असं मी छातीठोकपणे म्हणेन. पण रामचंद्र बाबाजी मोरे आहेत, ज्यांनी या परिषदेसाठी खस्ता खाल्ल्या. चित्रे आहेत, टिपणीस आहेत, फत्तेखान आहेत. आणि ते हजारो आहेत जे दुसरे, तिसरे, चारशेवे म्हणून वाकले आणि संध्याकाळी डोकं फोडून घेऊन आपापल्या गावी परत गेले, जिथे त्यांना वाचवायला कोणी नव्हतं.

"पण आता कायदे आहेत ना?"

भाचीचा मुख्य मुद्दा हाच होता. त्या काळी कायदा तोकडा होता, आता सगळ्याला कायदा आहे, तर मग फॉर्म भरा, तक्रार करा, झालं.

यावर मी एकच विचारते, तुमच्या ऑफिसमधली ती कमिटी कुठून आली? लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे ती लागतेच, अध्यक्ष वरच्या पदावरची बाई, निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत, बाहेरची एक व्यक्ती हवी, चौकशी नव्वद दिवसांत संपवायची. हे सगळं २०१३ च्या कायद्याने आलं. त्याच्या आधी सुप्रीम कोर्टाने १३ ऑगस्ट १९९७ ला दिलेली विशाखा मार्गदर्शक तत्त्वं होती. आणि त्याच्या मागे राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरीदेवी आहेत.

त्या कुंभार समाजाच्या, सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात "साथिन" म्हणून अगदी थोड्या मानधनावर काम करायच्या. १९९२ मध्ये गावातल्या एका वजनदार घरात नऊ महिन्यांच्या मुलीचं लग्न होत होतं, ते थांबवायचा त्यांनी प्रयत्न केला. लग्न शेवटी लागलंच. गावाने त्यांच्या घरावर बहिष्कार घातला, कोणी दूध देईना, कोणी त्यांची मडकी घेईना. आणि सप्टेंबरमध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यांनी नाव लपवलं नाही, तोंड लपवलं नाही, पोलिसात गेल्या, कोर्टात उभ्या राहिल्या. १९९५ मध्ये जयपूरच्या कोर्टाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडलं.

मग विशाखा आणि इतर महिला संघटना सुप्रीम कोर्टात गेल्या आणि त्यांनी वेगळा प्रश्न विचारला, की कामाच्या जागी बाईवर असं संकट येतं तेव्हा तिला जपायची जबाबदारी कुणाची? त्यातून देशभरातल्या नोकरदार बायकांना संरक्षण मिळालं. भंवरीदेवींना स्वतःला त्या आरोपींविरुद्ध न्याय मिळाला नाही. एसी ऑफिसमध्ये बसून आपण जे वापरतो त्याची किंमत मडकी घडवणाऱ्या एका बाईने दिली आहे, आणि आपल्यातल्या कितीजणींना तिचं नाव माहीत आहे?

म्हणून कायदा आणि शौर्य यात एक निवडा असं करताच येत नाही. कायदा म्हणजे कुणीतरी आधी भरलेल्या किमतीची पावती आहे. ती पावती हातात असली की पुढच्याला कमी भरावं लागतं. पण शून्य नाही, कमी. पहिली तक्रार देणाऱ्या मुलीच्या पोटात आजही गोळा येतोच.

"हिरो आला की लोक झोपतात"

हा आक्षेप मला सगळ्यात खरा वाटतो. एक जण उभा राहिला की बाकीचे हुश्श करतात, बरं झालं, तो बघतोय ना. आणि मग हळूहळू विचार मागे पडतो, माणूसच मोठा होतो. हा धोका कुणी ओळखला तर स्वतः बाबासाहेबांनी. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत त्यांनी बजावलं होतं की धर्मात भक्तीने मुक्ती मिळत असेलही, पण राजकारणात भक्ती, व्यक्तिपूजा, हा अधोगतीचा आणि शेवटी हुकूमशाहीचा रस्ता आहे. ज्यांच्या पायाशी लाखो लोक डोकं ठेवायला तयार होते त्यांनी हे बोलावं, यातच काय ते आलं.

आपल्या डोळ्यांसमोरचं उदाहरण घ्या. ऑगस्ट २०११, रामलीला मैदान, अण्णा हजारेंचं उपोषण. गल्लीगल्लीत "मी अण्णा" लिहिलेल्या टोप्या, मेणबत्त्या, आमच्या इथे सुद्धा दोन संध्याकाळी मोर्चा निघाला आणि मी त्यात होते, अगदी मनापासून होते. लोकपाल कायदा डिसेंबर २०१३ मध्ये संसदेत मंजूर झाला. पहिला लोकपाल नेमला गेला मार्च २०१९ मध्ये. मधली पाच वर्षं पद रिकामं होतं, आणि त्या पाच वर्षांत टोपी घालून मी एकदाही बाहेर पडले नाही. उपाशी राहायचं काम एका माणसाकडे होतं, आमच्याकडे टोपी होती. किंमत वाटली गेलीच नव्हती, म्हणून मागे लागणंही वाटलं गेलं नाही.

महाड आणि हे, यातला फरक मला इथे दिसतो. तिथे मागच्या प्रत्येकाला वाकून पाणी प्यावं लागलं.

"नेता नसलेली आंदोलनं पण जिंकतात की"

जिंकतात, नक्कीच. दिल्लीच्या सीमांवर शेतकरी नोव्हेंबर २०२० पासून वर्षभर बसले होते, थंडी, ऊन, पाऊस, कोरोना सगळं तिथेच. अनेक संघटनांचा मिळून मोर्चा, एकच असा चेहरा नाही, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये तीन कृषी कायदे मागे घ्यायची घोषणा झाली.

पण त्याहून मला जवळचा वाटतो तो मार्च २०१८ चा नाशिक ते मुंबई पायी मोर्चा. साधारण एकशेऐंशी किलोमीटर, त्यात बहुतेक आदिवासी, वनजमिनीचा हक्क मागणारे, म्हाताऱ्या बायका अनवाणी, तळपायाची कातडी सोलून निघालेली. ते फोटो तुम्ही पाहिले असतील. मुंबईत पोचले तेव्हा दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. सकाळी इतके लोक रस्त्यावर आले तर पोरांचा पेपर चुकेल, म्हणून दिवसभर चालून आलेली ही माणसं सायनच्या सोमय्या मैदानावर थोडं टेकून रात्रीच पुन्हा उठली आणि अंधारात आझाद मैदानापर्यंत चालत गेली. वाटेत मुंबईकरांनी पाणी दिलं, बिस्किटं दिली, चपला आणून दिल्या.

हे बिनहिरोचं आंदोलन होतं असं कुणी म्हणालं तर मी म्हणेन, नीट बघा, इथे हिरो हजारोंनी होते. शिवाय हे आपोआप झालं नव्हतं, मागे किसान सभेचं वर्षानुवर्षांचं गावपातळीवरचं काम होतं. संघटना नेमकं काय करते? ती दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या माणसाची सोय आधीच करून ठेवते, म्हणजे शून्यवाला एकटा पडत नाही.

"आणि त्याला मारून टाकलं तर?"

२० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते कित्येक वर्षं आमदार-मंत्र्यांचे उंबरे झिजवत होते आणि विधेयक दर अधिवेशनात पुढे ढकललं जात होतं. खून झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी मंत्रिमंडळाने अध्यादेशाला मंजुरी दिली, डिसेंबरमध्ये कायदा झाला. याचा मला अभिमान वाटत नाही, राग येतो. जिवंत माणसाच्या खेटे घालण्याने जे हललं नाही ते त्याच्या मरणाने हललं, म्हणजे आपण किंमत किती वाढवून ठेवली होती बघा. मात्र एक झालं, अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या शाखा गावोगाव होत्या आणि त्या बंद पडल्या नाहीत, कायदा झाल्यावर भोंदूबाबांवर गुन्हे नोंदवून घ्यायला पोलीस स्टेशनात जाऊन बसणारी माणसं मागे होती.

सूचक आणि अनुमोदक

कुठल्याही सभेचं इतिवृत्त बघा, ग्रामसभेचं, सोसायटीचं, भजनी मंडळाचं पण. ठरावाखाली दोन नावं असतात, सूचक आणि अनुमोदक. सूचक ठराव मांडतो, अनुमोदक पाठिंबा देतो. दुसऱ्या माणसाचं महत्त्व आपल्याकडे रोजच्या कागदातच लिहून ठेवलंय, आपलं लक्ष जात नाही एवढंच.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्या विषयावर करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे आधीपासून गावोगाव सांगत फिरत होते, त्यांनी स्वतः शंभराच्या स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं होतं की माझ्यामागे माझ्या बायकोवर ही प्रथा लादायची नाही. हेरवाडच्या ठरावानंतर त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकी ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवायला सांगितलं. कुणाचं रक्त सांडलं नाही, टीव्हीवर चार दिवस बातमी आली, गेली.

पण ठराव झाला म्हणून प्रथा जात नाही, हे आपल्याला महाडने शिकवलंय. प्रथा जाते घराघरात, आणि तिथे काय होतं ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. पुढच्या संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकू होतं. तळमजल्यावरची एक जण मदतीला आली होती, तिचा नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. आली ती नेहमीसारखी थेट स्वयंपाकघरात, तिळगुळाच्या पुड्या बांधायला, कारण हॉलमध्ये आपली जागा नाही हे तिला कुणी सांगावं लागत नाही. मला सकाळपासून वाटत होतं की तिला बाहेर बोलवावं. नाही बोलावलं. तेवढ्यात माझ्या सासूबाई हातात कोयरी घेऊन आत गेल्या आणि तिला दंडाला धरून बाहेर घेऊन आल्या, सगळ्यांच्या मध्ये पाटावर बसवलं आणि कुंकू लावलं. हात थरथरला असेल, दोन कण तिच्या नाकावर पडले. तिने ते पुसले नाहीत. हाताला तीळ चिकटलेले, ते मात्र ओढणीला पुसत राहिली, पुसत राहिली.

हॉलमध्ये एकदम शांतता. एक बाई वाण न घेता चपला घालून निघून गेली. मला खरंच वाटलं आता सगळं फिसकटलं. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या आजी, ज्यांच्या सोवळ्याओवळ्याला सगळी बिल्डिंग टरकून असते, त्या गुडघ्यावर हात टेकत उठल्या आणि म्हणाल्या, "आण ती कोयरी इकडे." त्यांनी लावलं. मग एकीने लावलं, मग आणखी एकीने, आणि पाचवी मी होते. माझा उंबरठा त्या दिवशी मला कळला, चार.

आजी उठल्या नसत्या तर? सासूबाई एकट्या पडल्या असत्या, आणि त्याहून वाईट, ती पाटावर बसलेली मुलगी पुन्हा कधी हॉलमध्ये आली नसती. आता ती दरवर्षी येते, गेल्या वर्षी तर वाण काय आणायचं तेही तिनेच ठरवलं.

हे सगळं लिहून परवा भाचीला पाठवलं. रात्री तिचा फोन आला, बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली, मग म्हणाली, "आत्या, मी उगाच नव्हतं विचारलं त्या दिवशी." ऑफिसमध्ये एकीने समितीकडे तक्रार दिली आहे आणि साक्षीदार म्हणून हिचं नाव दिलंय. यापुढचं काही लिहीत नाही, तिनेही मला सांगितलं नाही, चौकशीतल्या गोष्टी उघड करायला कायद्यानेच मनाई आहे. तिला फक्त एवढंच हवं होतं की साक्षीच्या दिवशी कुणीतरी जवळपास असावं. आत येता येणार नाही तुला, म्हणाली, पण खाली कॅन्टीनमध्ये बसशील का?

मी आदल्या संध्याकाळच्या गाडीचं तिकीट काढलंय. सासूबाई म्हणतायत, माझंही काढ.